पुढची सीट

गाडी बघायला जनावरांची डॉक्टर आली, आणि तिच्या मागोमाग गाडीचे मालक मिस्त्रीही घरातून बाहेर येऊन गाडी बघायला लागले.

काकूंनी कालपासून मनाची तयारी केली होती. गाडी द्यायची म्हटल्यावर हे चिडतील, किल्ली लपवतील, वेळ आली तर चाकासमोर आडवे पडतील. पण असं काही काकूंच्या ध्यानीमनी नव्हतं. मिस्त्री हात मागे बांधून पिकअपभोवती फिरत होते, कुणाकडे पाहुणे म्हणून आल्यासारखे.

"कधीची असेल हो ही?" त्यांनी डॉक्टरला विचारलं.

डॉक्टरनं काकूंकडे पाहिलं. मिस्त्रींना हल्ली आठवत नाही, हे काकूंनी तिला फोनवरच सांगितलं होतं. इतकं आठवत नाही, हे काकूंनाही आत्ताच कळत होतं.

"माझ्याहून मोठी आहे, काका."

"मग घ्या. चारही चाकं ओढतात हिची. चिखल म्हणू नका, चढ म्हणू नका." मिस्त्री गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले आणि दाराच्या खालच्या कडेवरून बोटं फिरवत गेले. "पत्रा बघा. पुट्टी भरून कुठे काही दडवलेलं नाही. ज्यानं केलंय ना, मन लावून केलंय."

काकू दाराच्या त्या कडेकडे बघत होत्या. भंगारातून ही गाडी ओढून आणली तेव्हा बॉनेटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली होती. स्वयंपाकघरातला नळ नीट करा म्हणून ज्या माणसाच्या महिनाभर मागे लागावं लागायचं, त्यानं आपल्या सगळ्या सुट्ट्या या गाडीखाली आडवं पडून काढल्या होत्या. आणि परवा मिस्त्री हीच गाडी घेऊन दूध आणायला गेले, ते चौकात बाजूला लावून, इंजिन चालू ठेवून बसून राहिले. घर कुठल्या अंगाला आहे तेच आठवेना.

मिस्त्रींनी दार उघडलं आणि आत चढून बसले. सीटवरून हात फिरवता फिरवता एकदम थांबले.

"अहो डॉक्टर, इकडे या जरा. ही शिवण बघितलीत का? जाड रेक्झिन आहे, मशिनवर घातलं तर सुई मोडते. हे हातानं शिवलंय. कोपऱ्यात टाका कसा वळवलाय बघा, सुरकुती म्हणून नाही कुठे."

मोचीकडून दाभण आणून, दुपारची झोप मोडून काकूंनी ती सीट शिवली होती. बोटांची पार चाळण झाली होती. सीट जागेवर बसवल्यावर मिस्त्रींनी एकदा वर बसून बघितलं, "बसली बरोबर," म्हणाले आणि पाना मागितला. बस, तेवढंच. पुढे कधी त्यावर अवाक्षर नाही.

"कोणी शिवली हो ही?" मिस्त्रींनी काकूंनाच विचारलं.

लग्न झाल्यापासून त्यांनी काकूंना कधी 'हो' लावला नव्हता.

"मी," काकू म्हणाल्या.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, नव्यानं ओळख होणाऱ्या माणसाकडे बघतात तसं, अदबीनं. "हात चांगला आहे तुमचा. आमच्या घरीही आहे अशीच एक. तिनं काम हातात घेतलं की ते नेटकं होणार म्हणजे होणारच. मी मात्र तिला कधी तसं बोललो नाही."

"का हो?" काकूंनी विचारलं.

"आता काय सांगू? समोर असली की सुचत नाही." ते जरासे हसले. "राहून गेलं."

"मग सांगा की."

"सांगतो ना. घरी गेलो की सांगतो."

डॉक्टरनं तोंड फिरवलं आणि गाडीच्या मागे जाऊन उगाचच फाळक्याची कडी उघड-बंद करत राहिली. मग हळूच काकूंजवळ आली. "काकू, नक्की द्यायची ना? अजून विचार करायचा असेल तर मी थांबते."

"घेऊन जा गं. इथे उभी राहून गंजण्यापेक्षा तुझ्या गाई-म्हशींच्या कामी येऊ दे." काकूंनी किल्ली तिच्या हातात ठेवली आणि तिची मूठ मिटवली.

मिस्त्री उतरले, डॉक्टर चढून बसली आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मिस्त्री फाटकाशी जाऊन हातानं दाखवू लागले. "येऊ द्या, येऊ द्या... बास! आता डावीकडे मारा!" गाडी रस्त्याला लागली. वळणाआड आवाज विरेपर्यंत दोघंही तिथेच उभे राहिले. आता हे विचारणार, माझी गाडी कुठेय? काकूंना वाटलं.

मिस्त्रींनी हात पँटला पुसले. "पोरगी बरी वाटली. जपेल." मग आभाळाकडे बघत म्हणाले, "चला बाई, निघतो मी. घरी वाट बघत असेल ती."

"चला, सोडते तुम्हाला," काकू म्हणाल्या आणि त्यांनी मिस्त्रींचा हात धरला. फाटकापासून दार असं कितीसं लांब! पण काकू सावकाश चालल्या, मिस्त्रीही त्यांच्या चालीनं चालले.

दाराशी मिस्त्रींनी चपला काढल्या. आत डोकावून, घरभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "अगं, ऐकलंस का? तुझ्या हाताला तोड नाही बरं का!"

आतून काही उत्तर येईना, तसे ते कान देऊन थांबले.

"ऐकलं हो," काकू त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या.