आनंदाने दिलेली बाटली

आनंदा तरातरा आत आला, त्याने शर्टाची बाही खांद्यापर्यंत चढवली आणि हात डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटला.

"घ्या, काढा आणखी एक बाटली. या बेवड्यासाठी नाय, बहिणीच्या कुंकवासाठी देतो."

बेवडा म्हणजे त्याच्या बहिणीचा, दमयंतीचा नवरा एकनाथ. तो पलीकडच्या खाटेवर पडला होता. डोळे पिवळेधमक, पोट टम्म फुगलेलं, हातापायांच्या नुसत्या काड्या. सकाळी त्याला रक्ताची उलटी झाली. दमयंतीने टेम्पो करून त्याला पालघरच्या या दवाखान्यात आणलं आणि भावाला निरोप धाडला. आनंदा बंदरावर मासळी उतरवत होता, तसाच शिव्या देत निघाला.

एकनाथ दारूला शिवत नाही, असं दमयंतीचं शपथेवर सांगून झालं होतं. आनंदाने ते कधी मानलं नाही. पोटात पाणी भरतं ते दारूनेच, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. गेल्या वर्षी पुतणीच्या हळदीला त्याने साऱ्या गावादेखत एकनाथला पंगतीतून उठवलं होतं. "माझं रक्त हाय याच्या अंगात, आणि हा त्यात दारू वततो!" असं ओरडून त्याचं ताट ढकललं होतं. एकनाथ हात न धुता निघून गेला. तेव्हापासून त्याने आनंदाशी बोलणं टाकलं होतं.

रक्ताची गोष्ट मात्र खरी होती. दहा वर्षांपूर्वी कुंभवलीजवळच्या एका रंगाच्या कारखान्यात एकनाथचा हात यंत्राच्या पट्ट्यात सापडला होता. रक्त थांबेना. घरच्यांत एकट्या आनंदाचा गट जुळला. त्याने बाटलीभर रक्त दिलं, एकनाथ जगला. पण त्या दिवसापासून आनंदाने त्याला सुखाने जगू दिलं नाही. भांडण कशावरूनही निघो, शेवट ठरलेला असे: माझ्या रक्तावर जगतोस तू.

"आणखी एक म्हणजे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "आधी कधी दिलं होतं?"

"अठ्ठ्याऐंशी साली. याचा हात तुटायला आलेला तवा."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि एकनाथकडे पाहिलं. "आठ महिन्यांपूर्वी तुम्ही मला काय सांगितलं होतं? रक्त मुंबईहून विकत आणलं, देणारा कोण ते माहीत नाही."

एकनाथ भिंतीकडे बघत राहिला.

बाईंनी आनंदाची बाही हलकेच खाली ओढली. "तुमचं रक्त चालणार नाही. मी दुसरीकडून मागवते. यांना दारूने काही झालेलं नाही. हेपॅटायटिस सी नावाचा विषाणू आहे, तो रक्तातून रक्तात जातो. आणि यांच्या अंगात दुसऱ्याचं रक्त एकदाच गेलं आहे."

आनंदाचं डोकं फिरलं. "माझ्या रक्ताला नाव ठेवता? मी रेड्यासारखा धडधाकट हाय. खोट असती तर याच्या अंगाने तवाच माझं रक्त भिरकावलं असतं. एक दिस ताप नाय आला याला!"

"येतच नाही बहुतेकांना. हा विषाणू दार फोडून शिरत नाही. रक्तातून यकृताशी पोचतो आणि पेशीच्या अंगाला चिकटतो. मग ती पेशीच त्याला पोटात घेते. आत गेला की त्याचं कवच पेशीच्या पडद्याशी एकजीव होतं आणि त्याच्या आतलं बीज पेशीत सुटतं. हे नेमकं कसं होतं ते अजून शोधतायत. पण पुढं तीच पेशी त्याची पिलावळ घडवत बसते. माणसाला दहा-वीस वर्षं पत्ता लागत नाही. तुम्हालाही लागला नाही. कधीतरी न उकळलेली सुई टोचली असेल कुणी."

आनंदा स्टुलावर बसला.

"तुमचं रक्त आजच तपासायला पाठवते," बाई म्हणाल्या. "दारू घेता?"

दमयंतीच म्हणाली, "रोज."

"आजपासून थेंबही नको. हा विषाणू अंगात असताना दारू म्हणजे यकृताची राखरांगोळी. हे मी यांनाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. देणारा कोण ते आठ महिन्यांपूर्वी कळलं असतं, तर तेव्हाच बोलावून घेतलं असतं तुम्हाला."

बाई रक्तासाठी फोन करायला बाहेर गेल्या. दमयंतीला हुंदका फुटला.

"बघितलंस दादा? तुला बोल लागू नये म्हणून यांनी आठ महिने तोंड शिवून घेतलं. गाव बेवडा म्हणत राहिलं, तू थुंकलास, तरी तुझं नाव नाय घेतलं."

आनंदाच्या डोळ्यांसमोर ते ढकललेलं ताट आलं. तो उठला. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला तो माणूस खाटेच्या पायथ्याशी गेला आणि त्याने एकनाथच्या सुजलेल्या पावलांवर हात ठेवले.

"माफ कर मला. मी तुला एवढा छळला, आणि तू मला सांभाळत राहिलास."

एकनाथने पाय ओढून घेतले. वर्षभरात पहिल्यांदा तो आनंदाशी बोलला. आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द स्पष्ट.

"सांभाळत नव्हतो. तू रोज पीत होतास ते मी बघत होतो. म्हणून नाय सांगितलं."