तेराव्याचे बूट

मालवण. सकाळचे साडेनऊ.

"फेकून दी हे, आणि नवे घे," पहिला कारागीर म्हणाला.

"नवे नको. ह्यांकाच नवो सोल होयो. उद्या सकाळी नऊच्या आत."

कारागिराने बूट उलटा केला. "हातान घातलेले टाके आसत हे. माझ्याकडे सोल चिकटवूचो डिंक आसा रे. असले टाके घालूचे हात नाय."

जितेंद्रने बूट पिशवीत टाकले.

उद्या तेरावा होता.

बारा वर्षांपूर्वी वादळात भाईची होडी बुडाली. भाई म्हणजे त्याचा थोरला भाऊ, हरिश्चंद्र. दोन खलाशांची प्रेतं तोंडवलीच्या किनाऱ्याला लागली. भाईचं काहीच लागलं नाही. वादळाचा इशारा असताना होडी बाहेर का काढली, हे विचारायला पोलीस वर्षभर घरी येत राहिले. मेलेल्यांच्या घरची माणसं अजून वाटेत दिसली की थुंकतात.

बारा वर्षं सरली, तसा भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा केला. भाईला मूलबाळ नव्हतं. अग्नी जितेंद्रने दिला. उद्या दान: छत्री, काठी, जोडे. दिलेलं त्याला पोचतं म्हणतात. तिकडच्या वाटेवर काटे असतात म्हणतात.

बूट भाईचेच. परदेशी बोटीवर नोकरीला होता तेव्हाचे, अस्सल चामड्याचे. होडीवर तो अनवाणी जायचा, म्हणून घरी राहिले.

त्या दिवशी होडीवर जितेंद्रही जाणार होता. ताप आलाय म्हणाला. ताप नव्हता.

फोन. सुशीलावहिनी.

"मिळालो कोण?"

"नाय गो वयनी. कुडाळाक जातंय."

"सोड रे. बाजारातल्या रबराच्या चपला घे. भटजीक खंय कळतला?"

"भटजीक नाय. भाईक कळतला."

वहिनीने फोन ठेवला. ह्या विधीची घाई तिचीच होती. पुतळा जळताना ती रडली नाही. मंगळसूत्रही अजून उतरवलं नव्हतं. "तेरावा होऊं दे," म्हणाली होती. "मगे सगळा सुटात."

कुडाळ. बाराला पाच कमी.

स्टेशनच्या वाटेवरच्या कारागिराने आरीचं टोक टाक्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं, जणू चटका बसला.

"मशिनीवर घातलंय तर चामडो फाटात. तुका फाटलेलो चालतलो?"

"नाय."

"मग कुणकेश्वरचो बाबली. तोच एक उरलो. पण सांगान ठेवतंय, म्हाताऱ्याची जीभ आरीपेक्षा लांब आसा."

मध्ये कुठेतरी. मोटारसायकल तापलेली. पुन्हा फोन.

"खंय आसस?"

"कुणकेश्वराक जातंय. थंय एक बाबली आसा म्हणतत."

पलीकडे भांडं पडल्यासारखं वाजलं.

"थंय कित्याक? इतक्या लांब? मागे फिर."

"वयनी, एवढा एकच माका करूक गावला."

"जितू, माझी शपथ आसा तुका!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने वहिनीचा फोन मध्येच कापला.

कुणकेश्वर. तीन.

देवळाच्या वाटेला पत्र्याची शेड. बाबलीने जितेंद्रकडे बघितलंच नाही. बुटांकडे बघितलं. डावा हात डाव्या बुटात घातला आणि डोळे मिटले.

"करंगळी नाय ह्या पायाक."

जितेंद्र पुढे सरकला. "होडीच्या दोरात गेली. तुमका कसा कळला?"

"आतलो चामडो थंय कोरोच रवलो. आणि ही टाच बघ, भायल्या बाजून खाल्लेली. माणूस जमिनीर पण होडीत असल्यासारखो चालता."

"चालायचो."

"चालता," बाबली म्हणाला आणि बूट बाजूला ठेवला.

"काका, उद्या नऊच्या आत होये. तुमी म्हणशात ता देतंय. होया तर रातभर हंयच बसतंय."

"आणि माका पंखो घालतलंस? मेल्या, एकाच पायाक किती जोड करू मी? ह्याचो एक कालच करून ठेवलंय."

"कोणाचो?"

म्हातारा उठला. फळीवरून कागदात गुंडाळलेल्या चपला काढल्या. नव्या, जाड तळाच्या. डाव्या पायाची करंगळीकडची बाजू आत वळवलेली. त्यांच्याबरोबर सुतळीने बांधलेला एक जुना जोड होता.

"ह्यो जुन्यो मापाक दिल्यान. बघ."

जितेंद्रने जुन्या चपला हातात घेतल्या. टाच बाहेरच्या बाजूने खाल्लेली. भेगेत आंब्याचा मोहोर अडकला होता. त्याने नखाने काढला. अजून पिवळा होता. यंदाचा.

"कोणी दिल्यान?" जितेंद्रने विचारलं.

"नाव कोण इचारता? एक बाई येता. धा-अकरा वर्सां झाली. न्हवरो तिचो बागेत राखणेक आसा, भायर म्हणान पडना नाय. दर साली एक जोड. बागेत फिरणाऱ्याक कितीसो लागता?" बाबलीने नवी चप्पल हातावर आपटली. "पण ह्या खेपेक म्हणाली, चांगले घट कर हां काका. आता तो रस्त्यान चालतलो."

"कधी येतली ती?"

"उद्या. सकाळी घराकडे कसलासा कार्य आसा म्हणाली, ता उरकल्यार. येवक नाय तर फोन कर, म्हणान नंबर दिल्यान. माका खंय फोन करूक येता? तू लाव बघू. सांग, जोड तयार आसा."

बाबलीने चप्पल उलटी केली. तळावर खडूने दहा आकडे लिहिले होते.

नंबर हल्ली कोणाला पाठ असतो? जितेंद्र एकेक आकडा बघून दाबत गेला. दहावा आकडा दाबला, आणि फोनने आपणहून नाव दाखवलं.

वहिनी.