कडूबाचं उपरणं

“तोंड उघडा,” डॉक्टर बद्रीनाथ तिसऱ्यांदा म्हणाले.

कडूबाने तोंडावरचं उपरणं आणखी घट्ट धरलं. वरून गालाची सूज दिसत होती.

पुंडलिकनगरच्या या दातांच्या दवाखान्यात त्याची बायको सरूबाई नऊ वर्षं मदतनीस होती. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ती गेली. तेव्हापासून डॉक्टर एसी लावत नसत. प्रत्येक पेशंटनंतर खिडक्या सताड उघडायच्या, पंखा सोडायचा, अर्धा तास कुणाला आत घ्यायचं नाही. बाहेर ताटकळणारे चेष्टा करत, “डॉक्टर भुताला बाहेर जायला वेळ देतात.” डॉक्टर हसत नसत. सरूबाईचं स्टूल अजून खुर्चीशेजारीच होतं. लाळ ओढायची नळी घ्यायला त्यांचा हात अजून तिकडेच जायचा.

कडूबाला सुनेने बळजबरीने आणलं होतं. “मामा घरात बी तोंड बांधूनच असत्यात,” तिने सांगितलं होतं. “जेवाय एकलेच गच्चीवर जात्यात.” आता ती चार वर्षांच्या पोरीला घेऊन बाहेर बाकावर बसली होती.

“सूज डोळ्यापर्यंत चाललीय, कडूबा. जिवावर बेतेल.”

“बेतू द्या. चितेगावच्या कंपनीतून खोकत आलो आन् सरूला दिलं. माझ्याच श्वासानं मारली तिला. हे तोंड म्या कुनाम्होरं उघडत नाय.”

डॉक्टरांनी हातातला आरसा खाली ठेवला. दुसऱ्या लाटेतल्या त्या दिवशी ते एका पेशंटची दाढ कोरत होते. मशीनच्या पाण्याचा फवारा उडत होता. “साहेब, खिडकी उघडू का?” सरूबाईने विचारलं होतं. उकाडा मरणाचा होता. “नको, गार हवा जाईल. मास्क आहेत की,” ते म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी त्या पेशंटचा फोन आला, कोरोना निघाला म्हणून. त्याच दिवशी त्यांना आणि सरूबाईला, दोघांनाही ताप चढला. ते वाचले. ती वाचली नाही, आणि ते चार वर्षं मूग गिळून बसले.

“तुमच्यामुळे नाही, कडूबा,” ते कसेबसे म्हणाले. “सरूबाईला इथेच लागण झाली. ती खिडकी मी उघडू दिली नाही.”

कडूबा उठला. तो मारील असं डॉक्टरांना वाटलं. मारावं, असंही वाटलं. पण त्यांच्याकडे न बघता तो बाहेर गेला, उपरणं सोडलं आणि नातीचा मुका घ्यायला वाकला.

पोर किंचाळून आईला बिलगली. आजोबांचं तोंड तिने जन्मात पाहिलं नव्हतं.