जरा वाकडाच

रेडिओ पुन्हा मुका झाला, तेव्हा दीर खांबावर चढलेला होता आणि ती खाली गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती.

"गेला!" ती ओरडली.

"मी तर हातसुद्धा लावला नाही, वहिनी!"

समोरच्या टेकडीवर दवाखाना होता. तिथले एक्स-रे या रेडिओवरून, म्हणजे खांबावरच्या बिनतारी इंटरनेटच्या डब्यावरून, शहरातल्या मोठ्या डॉक्टरांकडे जायचे. गेला महिनाभर रेडिओ मनात येईल तेव्हा अर्धा तास रुसून बसायचा आणि मग काही झालंच नाही अशा थाटात बोलायला लागायचा. दवाखान्याच्या व्यवस्थापकाने सकाळीच सुनावलं होतं, आज काय ते बघा, नाहीतर उद्या तुमचे सगळे रेडिओ उतरवून ठेवतो. सगळे म्हणजे तिच्या नवऱ्याने लावलेले. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. खांबाखांबांवरचे ते पांढरे डबे सोडले, तर त्याच्या हातचं असं फारसं काही उरलं नव्हतं.

डब्यांच्या आतला प्रोग्रॅम मात्र तिचा. महिन्यापूर्वी तिने त्याची नवी आवृत्ती चढवली होती, म्हणून तिचा पहिला संशय स्वतःवरच गेला. आज सकाळी जुनी आवृत्ती परत टाकून झाली. तरी तेच. पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: रडार ऐकू आलं. विमानांचं किंवा हवामानाचं रडार कानावर पडलं की अशा रेडिओने गप्प बसायचं, हा नियमच होता. पण इथे आसपास रडार कुठून येणार?

मग तिचं लक्ष शेजारच्या आकड्याकडे गेलं. सिग्नल इतका तगडा? इथे तो इतका कधीच नव्हता.

पूर्वी नवरा वर असायचा आणि ती खालून आकडे ओरडायची. आकडा जितका लहान, तितका सिग्नल चांगला. "साठ, अठ्ठावन्न, छप्पन्न, थांब!" तो थांबायचा नाही. पाना आणखी थोडा फिरवून "झालं!" म्हणायचा. "अरे, पुढे गेला की! मागे घे!" "असू दे गं, पुरतोय." मग गच्चीवरच भांडण. याला एक वस्तू म्हणून सरळ लावता येत नाही, असं सगळं घर त्याला चिडवायचं, आणि त्यात तिचा आवाज सगळ्यात मोठा. तो हसून चहा मागायचा. किती मजेचे दिवस होते ते! तेव्हा तिच्या प्रोग्रॅममध्ये एखादी चूक निघाली की ती जेवण विसरायची, झोप विसरायची, डोळ्यांखाली काळं व्हायचं. पण गच्चीवर आली की सगळा शीण जायचा.

"भावजी," तिने वर पाहत विचारलं, "हा कुणी हलवला होता का?"

दीर खांबाला धरून खाली वाकला.

"मी सरळ केला," दीर म्हणाला. "महिन्याभरापूर्वी, पहिला हाच. बाकीचे अजून व्हायचेत. मोबाइलवर सिग्नल बघत अगदी नेमका लावला. लोक हसायचे हो, वहिनी. म्हटलं, दादा गेल्यावर तरी त्याच्या कामाला कुणी नावं ठेवू नयेत."

तिने पडद्यावरचा आकडा पुन्हा पाहिला. सिग्नल फार जोरात आला की तिचा प्रोग्रॅम बिचकत होता. समोरच्या टेकडीवरच्या जोडीदार रेडिओच्याच आवाजाला तो रडार समजत होता. ही चूक नव्या आवृत्तीतली नव्हती, पहिल्या दिवसापासूनची होती. आणि इतकी वर्षं ती कुणाच्या नजरेला पडली नव्हती, कारण एकही रेडिओ सरळ नव्हता.

"फिरवा जरा," ती म्हणाली.

"कुठे?"

"कुठेही. वाकडा करा."

तिने रेडिओ बंद करून पुन्हा चालू केला. मिनिटभराने तो बोलायला लागला. मग ती आकडे वाचू लागली. "पन्नास. चोपन्न. साठ. अजून थोडा. थांबा!" रडारची ओळ पुन्हा आली नाही. दुपारची एक्स-रे पाठवायच्या गर्दीची वेळ आली, टळली, ऊन टाकीवरून खाली उतरलं, तरी आली नाही. शेवटी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. आजचे एक्स-रेचे सगळे फोटो गेले होते, एकही अडकला नव्हता. व्यवस्थापक साहेब म्हणत होते, राहू द्या रेडिओ.

दीर बोल्ट आवळत होता. हात चालता ठेवून तो म्हणाला, "एकदा मी दादाला विचारलं होतं, सरळ का लावत नाहीस म्हणून. तर म्हणाला, सरळ लावला तर तुझी वहिनी झोपायची नाही. मला वाटलं, चेष्टा करतोय."

तिला रडू आलं, आणि रागही आला. एवढे टोमणे ऐकून घेतले, आणि या माणसाने हूं की चूं केलं नाही.

"आता चूक सापडलीच आहे," दीर उत्साहाने म्हणाला. "तुम्ही ती काढून टाका, की मी हाच काय, सगळे सरळ करतो."

तिने पदराने डोळे पुसले आणि लॅपटॉप मिटला.

"चूक आजच काढते," ती म्हणाली. "पण रेडिओला हात लावाल तर याद राखा, भावजी."