अडवायचा हक्क

“दोन लाख,” हितेशभाई म्हणाले. “तेही दहा वर्षांची ओळख म्हणून.”

कुंदनने करारावर नजरसुद्धा टाकली नाही. कागद बोटाने परत सरकवला. “मागच्या वर्षी कप हातात धरून पाच म्हणाला होतात, शेठ.”

“तेव्हा तू एकतीसची होतीस.”

“वर्षभरात मी म्हातारी झाले, आणि कप तेवढा चमकतोय?”

हितेशभाई हसले. शेजारी बसलेला प्रदीप हसला नाही. तो हितेशभाईंच्या संघाचा मॅनेजर. नियमांचं पुस्तक त्याला तोंडपाठ होतं. सुरतेच्या या महिला बास्केटबॉल लीगमध्ये कुठल्याही संघाने खेळाडूंवर मिळून वर्षाला पंचवीस लाखांच्या वर एक रुपया खर्च करायचा नाही, अशी मर्यादा होती. हितेशभाईंचे आठ करार सोळा लाखांत झाले होते आणि त्यातल्या कुणाला आता मध्येच काढता येत नव्हतं. उरले नऊ लाख. करार संपलेल्या दोघीच होत्या, कप्तान कुंदन आणि एकोणीस वर्षांची साक्षी.

करार संपला की खेळाडू मोकळी. ती कुठल्याही संघाचा देकार घेऊ शकत होती. पण जुन्या संघाला अडवायचा हक्क होता. अठ्ठेचाळीस तासांत तेवढंच मानधन कबूल केलं, की तिने निमूट तिथंच राहायचं. या हक्काने हितेशभाईंनी कुंदनला तीनदा अडवलं होतं. एकदा हजीऱ्याच्या एका कंपनीच्या संघाने मानधनासोबत कायमची नोकरी देऊ केली होती. हितेशभाईंनी मानधन जुळवलं. नोकरी गेली ती गेलीच. तिचे वडील श्रीपत तेव्हा लूमवर बारा-बारा तास उभे राहत होते.

“आणि साक्षीला किती?” कुंदनने विचारलं.

“एक लाख. नियमात कमीत कमी तेवढेच आहेत. बाकीच्या संघांची मर्यादा भरत आली. जाईल कुठे?”

गेल्या हंगामात साक्षीचं मोडलेलं बोट शेजारच्या बोटाला बांधून तिला उपांत्य सामना खेळवला होता. कुंदन तेव्हा भर मैदानात हितेशभाईंवर ओरडली होती आणि त्यापायी दोन सामने बाहेर बसली होती.

आता ती ओरडली नाही. खुर्ची मागे सारून उठली.

“मी उधन्याच्या संघात चालले, शेठ. हिंमत असेल तर अडवून दाखवा.”

प्रदीप तिच्यामागे जिन्यापर्यंत धावला. दोघं एकाच गल्लीत वाढलेले. ती त्याला भाऊ म्हणायची. “कुंदन, डिवचू नको त्यांना. हट्टाला पेटले तर पुन्हा अडवतील.”

“भाऊ, तू मधमा पडू नको,” ती घरच्या अहिराणीत म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या उतरत गेली.

सोमवारी उधन्याचा देकार आला. आठ लाख. बत्तीस वर्षांच्या खेळाडूला लीगमधला सगळ्यात मोठा आकडा. उधन्याच्या मर्यादेत उरलेला पैन् पै त्यांच्या प्रशिक्षक वर्षाताईंनी कुंदनवर लावला होता.

“वेडी झाली ही बाई,” हितेशभाई म्हणाले. “जाऊ दे.”

पण दुपारपर्यंत कापड मार्केटमध्ये बातमी फुटली. चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, “केम हितेशभाई, कप्तान निसटली?” संध्याकाळी कुंदन स्वतः ऑफिसात आली. उधन्याची निळी जर्सी घालूनच.

“पहिला सामना तुमच्याशीच आहे, शेठ. पुढच्या रांगेत बसा. तुमच्या तोंडासमोर कप्तानी करीन.”

हितेशभाईंचा चेहरा तांबडालाल झाला. ती गेल्यावर त्यांनी टेबलावर हात आपटला. “अडव तिला. आठ तर आठ.”

“शेठ, मग साक्षीसाठी एकच लाख उरतो,” प्रदीप म्हणाला.

“मग? तेवढाच द्यायचाय तिला. आणि उधन्याकडे आता आहे काय? सगळे आठ हिच्यावर लावून बसलेत.”

प्रदीपने आकडे दोनदा पडताळले. हिशोब चोख होता. जड हाताने त्याने हक्काचा अर्ज लीगला पाठवला.

मंगळवारी कुंदन सही करायला आली. निळी जर्सी घडी करून तिने पिशवीत ठेवली होती.

“मग? गेलीस का उधन्याला?” हितेशभाई खुर्चीत रेलून म्हणाले.

“नाही गेले.”

“तुझ्या हिमतीने काय मिळवलंस?”

तिने प्रत्येक पानावर सही केली, पेनाचं टोपण लावलं, आणि निघून गेली. प्रदीपला तिच्याकडे बघवेना. चौथ्यांदा. या वेळी तर कागद त्याच्याच हातून गेला होता.

बुधवारी सकाळी अकरा वाजता लीगच्या कचेरीतून पाकीट आलं. प्रदीपने फोडलं, वाचलं, आणि हितेशभाईंसमोर धरलं. उधन्याचा देकार होता. साक्षीसाठी. आठ लाख.

“यांनी आठ आणले कुठून?”

“तेच आहेत, शेठ. आपण कुंदनला अडवलं, त्यांचे मोकळे झाले.”

“मग हिलाही अडव!”

“एका लाखात?”

हितेशभाईंनी कागद हिसकावला, उलटा केला, सुलटा केला आणि फेकून दिला. प्रदीपने तो फरशीवरून उचलला. तळाशी खेळाडूतर्फे बोलणी करणाऱ्याचं नाव लिहायची ओळ होती. तिथे ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, कुंदन श्रीपत बागुल. आणि शेजारी तारीख होती शनिवारची, तिचा स्वतःचा देकार यायच्या दोन दिवस आधीची.