बिननावाचा ठिपका

सरकारी नोकरीची परीक्षा रविवारी होती. वयाच्या अटीमुळे शिवकन्येसाठी ती शेवटचीच. आणि लातूरच्या अभ्यासिकेत भर दुपारी ती अभ्यास सोडून एक ठिपका पुसत बसली होती.

नोंदींचं ॲप तिला नांदेडच्या दामिनीने शिकवलं होतं. शब्द चौकोनी कंसात टाकला, की एक नोंद दुसरीला जोडली जाते आणि नकाशात प्रत्येक नोंदीचा ठिपका दिसतो. शिवकन्येच्या नकाशात मधोमध एक बिननावाचा ठिपका होता. तिच्या दोनशे बारा नोंदी त्यालाच जोडलेल्या. उघडला तर आत कोरं पान. पुसला, की परत हजर.

तिने जिन्यात जाऊन दामिनीला फोन लावला.

"आगं, तूच ती नोंद केली असशील चुकून. पुस की!"

"सातदा पुसली, बाई. डोकं उठलंय माझं."

"मग ऱ्हाऊ दे. खायला मागती का तुला?"

जागेवर येऊन शिवकन्येने पंचायत राजची नोंद उघडली आणि रागारागाने भरभर खाली सरकवली. नोंद आपोआप वर गेली. तिने पुन्हा सरकवली. ती पुन्हा वर गेली, त्याच ओळीपाशी.

तिने ते कोरं पान उघडलं. तिच्या साऱ्या नोंदी पुस्तकी मराठीत होत्या. इथे आता एकच ओळ होती, घरच्या बोलीत.

'हळू सरकव माय, मी अजून वाचायलेय.'