सोजरबाईची किल्ली

धाडकन आवाज झाला, सोजरबाईच्या हातातला शेंगांचा पुडा मांडीवर सांडला आणि फियाटची समोरची काच बसच्या पाठीने भरून गेली.

कंपनीची रिकामी बस होती. चाकणच्या कांदाबाजाराच्या कोपऱ्यावर वळवायला म्हणून मागे घेतली आणि कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या फियाटवर आणून टेकवली. डावा दिवा फुटला, मडगार्डला पोचा आला.

बसचा ड्रायव्हर ज्योतीराम खाली उतरला तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. मग त्याने फियाटच्या स्टिअरिंगमागे बघितलं. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. त्याच्या तोंडावर लगेच तरतरी आली.

"बाईनं ठोकली!" तो ओरडला. "मी उभाच होतो राव! बाईनं गाडी आणून घातली बसवर!"

एवढं म्हणायचा अवकाश, हमालांनी पोती टाकली, पानवाल्याने दुकान उघडं सोडलं. कुणी काहीच पाहिलं नव्हतं आणि सगळ्यांना सगळं पटलं. बाईमाणूस, त्यात खेड्यातली, त्यात मोटार. आणखी पुरावा कशाला हवा?

गर्दी सारत भिमाजी पुढे आला. हा सोजरबाईचा नवरा, कांद्याचा लिलाव अर्ध्यावर टाकून आलेला. जमीन कंपनीत गेल्यावर ही जुनी फियाट त्यानेच हौसेने घेतली होती. पण क्लच आणि ब्रेक त्याच्या पायांना काही केल्या उमगले नाहीत. सोजरबाईच्या पायांना उमगले. तेव्हापासून तो मागच्या सीटवर अंग चोरून बसायचा आणि गावाच्या वेशीवर उतरून घरी चालत जायचा. त्याची अट एकच होती. एकदा जरी ठोकलीस तर किल्ली माझ्या हातात, आणि गाडी विकून मोकळं व्हायचं.

त्याने फुटका दिवा बघितला. हात पुढे केला.

"आण किल्ली."

म्हशीवर असावा तसा तिचा त्या गाडीवर जीव होता. गाडी गेली की पुन्हा नवऱ्याच्या मागून, पदर सावरत चालणं आलं. ती दार उघडून खाली उतरली. लुगड्यावरची टरफलं झटकली.

"देते की. पर आदी ह्या भावाचं समदं ऐकू द्या." ती ज्योतीरामकडे वळली. "कशी आले वो मी?"

"कशी म्हणजे? फुल रेस! धूर सोडत!"

"आन हॉर्न?"

"कसला हॉर्न! दिला असता तर सावध नसतो झालो? मुकाट आणून घातली."

गर्दी खदखदून हसली. भिमाजी जमिनीकडे बघायला लागला.

"बरं," सोजरबाई म्हणाली. "माजं तर हातपाय गळाल्यात. तुमी पक्के ड्रायव्हर. माजी गाडी तेवढी मागं घिऊन द्या."

आणि भिमाजीच्या पसरलेल्या हातावरून नेऊन तिने किल्ली ज्योतीरामच्या हातात ठेवली.

ज्योतीराम ऐटीत आत बसला. आरसा नीट केला. किल्ली फिरवली. फियाट गप्प. पुन्हा फिरवली. पुन्हा गप्प. चिडून त्याने हॉर्न दाबला, तर तोही मुका.

"चालू का होत नाही ही?"

"मला काय ठावं? आत्ता तर धूर सोडत तुमच्या अंगावर आली व्हती की!"

पानवाला फिस्सकन हसला. सोजरबाईने बॉनेट उचललं आणि बाजूला झाली. बॅटरीच्या जागी खड्डा होता. दोन वायरी तेवढ्या लोंबत होत्या.

"सकाळी तुमी लिलावाला गेलात आन हिनं दम सोडला," ती नवऱ्याला म्हणाली. "बॅटरी कादरभाईनं चार्जिंगला नेली. म्या तिचीच वाट बगत शेंगा खात बसले व्हते."

मग जो हशा उठला, तो पार लिलावाच्या ओट्यापर्यंत गेला. तेवढ्यात सायकलच्या कॅरिअरला ट्यूबने बॅटरी बांधून कादर मिस्त्री आलाच.

"झाली बघा अक्का. पण एवढी जत्रा कसली?"

ज्योतीराम गाडीतून उतरला तो निम्मा होऊन. "काकू, दिवा मी बसवून देतो. मडगार्ड ठोकून देतो. पण कंपनीत सांगू नका."

"कंपनीत कशाला? हितंच सांगा. कुणी ठोकली?"

"मी."

"आमच्या ह्यास्नी ऐकू आलं न्हाई."

"मी ठोकली!"

हमालांनी शिट्ट्या मारल्या. सोजरबाईला आनंद लपवता आला नाही आणि तिने लपवलाही नाही. कंबरेवर हात ठेवून ती तोंडभर हसली. ज्योतीरामने बस पुढे घेतली आणि मग सायकलवरची बॅटरीही त्यानेच सोडून आणली, ती कादरने गाडीत बसवली.

निघताना भिमाजीने सवयीने मागचं दार उघडलं. थांबला. दार लावून टाकलं आणि पुढे येऊन बसला, कोपर खिडकीबाहेर काढून.

वेस आली. पारावर नेहमीची मंडळी बसलेली होती. सोजरबाईने रोजच्यासारखी गाडी हळू केली.

"थांबवू?"

"कशाला?" भिमाजी म्हणाला. "हॉर्न दे."